एका बोटाचा नमस्कार

आठला दहा कमी असताना समोरच्या कच्च्या रस्त्यावर धुळीचा लोट उठला आणि लिंडलनं आपल्या गाडीचं स्टिअरिंग घट्ट धरलं. रोरीची गाडी.

दोन वर्षं रोज सकाळी दोघं इथेच एकमेकांना ओलांडत होते. ती शाळेत शिकवायला, तो मेंढ्यांकडे. तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा, तीही उचलायची. या भागात समोरून येणाऱ्या प्रत्येकाला सगळेच उचलतात, तीच तर पंचाईत. ग्वेंडा आत्या एकदा बरोबर होती, तेव्हापासून तिचं एकच पालुपद, की तो तुझ्यासाठीच उचलतो. लिंडल म्हणायची, तो गुरांच्या ट्रकलाही उचलतो गं. त्यावर आत्या म्हणे, ट्रक बघून कुणाचे कान लाल होत नाहीत. लिंडलच्या मते ते उन्हानं.

आज तिनं ठरवलं होतं, दोन बोटं उचलायची. एक जास्त. कळलं तर कळलं, नाही तर गाडी पुढे गेलेलीच असेल.

गाडी जवळ आली. लिंडलची अशी तारांबळ उडाली, की दोन बोटांऐवजी अख्खा पंजाच वर गेला.

इकडे पंजा वर करतात ते शहरातले पाहुणे, नाही तर अडचणीत सापडलेली माणसं. रोरीनं करकचून ब्रेक लावला. तिनंही लावला. तो मागे मागे येत खिडकीला खिडकी लावून थांबला.

"टायर गेला का?"

हो म्हणणं सोपं होतं. तो उतरला असता, चारही टायर बघितले असते, आणि आणखी दोन वर्षं गेली असती.

"टायर ठीक आहेत," ती म्हणाली. वर्गात मागच्या बाकाशी बोलताना लागतो तसा आवाज लागला, म्हणजे भलताच मोठा. "शनिवारी हॉलमध्ये नाच आहे. माझ्याबरोबर येशील?"

रोरीनं टोपी काढली, परत घातली. "मी दर वेळी येतोच की. बाहेर सॉसेज भाजत उभा असतो. आत तू बसलेली असतेस, मग पाऊलच उचलत नाही."

"या वेळी दुसरं कुणी भाजेल."

मागे गव्हाचा लांबलचक ट्रक येऊन उभा राहिला. लिंडलनं घाईघाईनं गिअर टाकला. पण ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला नाही. त्यानं इंजिन बंद केलं, थर्मास काढला आणि कपात चहा ओतून निवांत टेकून बसला.