लोखंडाचा डोंगर

उपकेंद्रातल्या सिस्टरने जैनीची पापणी खाली ओढून पाहिली. "सातवा महिना लागलाय आणि अंगात रक्तच नाही. लोह फार कमी झालंय तुझ्यात."

जैनीला हसू आलं. "सिस्टर, आमचा अख्खा डोंगर लोखंडाचा आहे. रोज ट्रक भरभरून बाहेर जातोय तो."

सिस्टर मात्र हसली नाही. लोहाच्या गोळ्यांचं कपाट दोन महिन्यांपासून रिकामं होतं. खाणीच्या ट्रकांनी रस्ता उखडल्यापासून औषधांची गाडी इकडे फिरकलीच नव्हती.

जैनी घरी गेली नाही. तिने रस्त्याच्या मधोमध बसकण मारली. तिला पाहून गावातल्या आणखी पाच पोटुशा बाया येऊन बसल्या. भरलेल्या ट्रकांची रांग पार डोंगराला भिडली.

दुपारी खाणीचे साहेब आले. "तुम्हाला नोकऱ्या पाहिजेत का?"

"लोहाच्या गोळ्या पाहिजेत," जैनी म्हणाली.

साहेबांनी जीप तालुक्याला पिटाळली. दिवस मावळायच्या आत त्यांच्या जीपमधून गोळ्यांचं खोकं आलं. जैनीने पहिली गोळी पाण्याबरोबर गिळली, पोटावर हात ठेवून सावकाश उठली, आणि डोंगर घेऊन निघालेल्या ट्रकांना वाट करून दिली.