सारा कॉलिन्सची परीक्षा

"फोनला हात लावायचा नाही. कुणीच नाही," सरोज म्हणाली. "कुणी फोन उचलला की लाइन तुटलीच. आणि आज लाइन तुटली तर मी मेलेच म्हणून समजा."

"कळलं गं बाई," म्हणत गुरुदत्त फोनशेजारी स्टूल टाकून राखणीला बसला. बायकोच्या या परीक्षेसाठी त्यानं एमआयडीसीतल्या कारखान्यातून अर्धी रजा काढली होती.

दुपारची वेळ. सगळी बिल्डिंग जेवून आडवी झालेली. मोडेम किंचाळून गप्प झाला आणि पडद्यावर नाव आलं: डेव्हिड पार्कर, लंडन.

सरोजनं तळहात पदराला पुसले.

सरोज दांडेकर डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवायची. तुकड्या कमी झाल्या, नोकरी गेली. मग इंग्रजी शाळांचे उंबरठे झिजवले. सगळीकडे तेच: बाई, व्याकरण उत्तम हो, पण उच्चार... घरात बसून बसून तिचा जीव नुसता गुदमरत होता. तेवढ्यात फोनच्या तारेवरून घरात इंटरनेट आलं आणि तिच्या लक्षात आलं, टाइप केलेल्या शब्दाला उच्चार नसतो!

लंडनची एक कंपनी जपानी लोकांना चॅटवर इंग्रजी शिकवत होती. अट एकच, शिक्षक जन्मानं इंग्रज हवा. झालं, आमच्या सरोजबाई झाल्या लीड्सच्या सारा कॉलिन्स. खोटेपणा टोचायचा तिला, नाही असं नाही. पण पुन्हा कुणीतरी तिला 'टीचर' म्हणत होतं आणि ते सुख काही औरच होतं.

आता कंपनीत काही शिक्षक तोतये निघाले होते. त्यांना तडकाफडकी काढलं होतं. उरलेल्यांना पार्करसाहेब एकेक करून तपासणार होते. नापास झालं की वर्ग बंद.

"गुड मॉर्निंग, सारा," पार्करनं लिहिलं. "हॅव यू हॅड युअर लंच?"

सरोजची बोटं 'यस'कडे धावलीच होती.

"थांब!" गुरुदत्त ओरडला. "तिकडे अजून सकाळ आहे!"

"अगं बाई! लबाड आहे हो मेला." तिनं घाईघाईनं लिहिलं, इतक्या सकाळी कसलं लंच, मिस्टर पार्कर?

मग उत्तर आलं, "क्वाइट राइट."

त्यानंतर त्यानं चुकीची वाक्यं द्यायला सुरुवात केली. ती तिनं दुरुस्त करायची. 'टुडे मॉर्निंग आय वेंट टु ऑफिस.' तिनं 'धिस मॉर्निंग' केलं. 'प्लीज क्लोज द लाइट.' तेही सुधारलं. मग आलं, 'माय कझिन ब्रदर इज गिव्हिंग हिज एक्झाम.'

"यात काय चूक आहे?" गुरुदत्तनं मान पुढे काढून विचारलं. "मी असंच म्हणतो की."

"म्हणूनच चूक आहे ते. कझिनला ब्रदर चिकटवायचा नसतो. आणि परीक्षा आपण देतो हो, इंग्रज लोक ती 'टेक' करतात."

टाइप करता करता ती एकदम थांबली. तिचा चेहरा उतरला.

"अहो, या सगळ्या आपल्या चुका आहेत. जपानी माणूस असं कुठे बोलतो? याला संशय आलाय. हा मला हिंदुस्थानी समजूनच तपासतोय!"

"शांत हो. लिही तू."

तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या ब्लॉकमधली कांता. "भावजी, टिटवाळ्याला एक फोन करायचा होता हो."

"फोन बंद आहे."

"अय्या, सकाळी तर चालू होता!"

"सकाळी होता. आता गेला," म्हणत गुरुदत्तनं दार लावून घेतलं. कांता बाहेर बराच वेळ पुटपुटत होती.

पडद्यावर शेवटचा प्रश्न येऊन थांबला होता. 'व्हाय डू यू टीच, सारा?'

सरोजनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काय लिहावं? लीड्सच्या बाईनं काय लिहिलं असतं? शेवटी जे खरं होतं तेच तिनं लिहून टाकलं: शिकवलं नाही तर मी कुणीच नाही, मिस्टर पार्कर.

गुरुदत्त नखं खात होता.

मग ओळ उमटली, 'यू मे कंटिन्यू युअर क्लासेस.'

"अहो, झालं! पास झाले मी!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुदत्तनं टाळी वाजवली. हसत, डोळे पुसत तिनं भराभर लिहिलं, 'थँक यू सो मच, मिस्टर पार्कर. आय कम.' आणि पाठवलंसुद्धा.

गुरुदत्तनं ते वाचलं आणि त्याचं हसू मावळलं. "अगं, हे काय लिहिलंस? आय कम?"

"येते म्हटलं मी. निघताना 'जाते' कसं म्ह..." ती तिथंच थांबली. "देवा! हे मी काय करून बसले!"

एवढं सगळं निभावलं आणि दारातून निघताना घात झाला. कुठला इंग्रज जाताना 'येतो' म्हणतो?

"फोन उचलू का? लाइन तोडतो," गुरुदत्त म्हणाला.

"आता तोडून काय उपयोग? वाचलं असेल त्यानं." तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. उद्यापासून पुन्हा ते रिकामं घर आणि त्या रिकाम्या दुपारी. तिला रडू आवरेना.

पडद्यावर अक्षरं उमटली. लंडनहून डेव्हिड पार्करनं लिहिलं होतं, 'यस, यस, कम. गो स्लोली, हं.'