एक हात खिशात

“हात!” बाई ओरडल्या.

शिकाऊ कारागिरानं हात झटकन मागे घेतला. समोर टेबलावर जुना अॅम्प्लिफायर पोट उघडं टाकून पडला होता.

“प्लग काढलाय की,” तो म्हणाला.

“प्लग काढला म्हणजे वीज गेली असं कोण म्हणालं? हा कपॅसिटर ती धरून बसतो. काल घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं ना तुम्हाला?”

कालचं त्याला काही आठवेना. त्यानं मान खाली घातली. या वयात नवं काम शिकायचं म्हणजे बोलणी खावीच लागणार. पण बाईंचा आवाज आज रागापेक्षा भीतीनंच कापत होता.

“पुन्हा पहिल्यापासून.”

त्यानं प्लग निघालाय ना ते डोळ्यांनी पाहिलं. वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात खिशात घातला. रेझिस्टर लावलेल्या वायरीचं एक टोक चिमट्यानं पत्र्याला अडकवलं, दुसरं कपॅसिटरला टेकवून साठलेली वीज उतरू दिली. मग मीटर लावला. काटा शून्यावर होता.

“आता चालू द्या.”

तो सुटलेल्या वायरींना सोल्डरिंगचा डाग द्यायला बसला. बोटं आपसूक चालत होती, जणू त्यांना कुणी वेगळं शिकवलं होतं. त्याचं त्यालाच नवल वाटलं. बाई खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या.

“इथं कुणाला कधी शॉक बसलाय?” त्यानं विचारलं.

“बसलाय. प्लग काढलाय, या भिस्तीवर हात घातला. खुर्चीसकट मागे पडला, डोकं फरशीवर आपटलं.”

“गेला?”

“नाही. जिवावरचं होतं, डोक्यावर निभावलं.”

बाईंनी मीटरची वायर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. विषय बदलावा म्हणून त्यानं विचारलं, “तुम्हाला हे काम कुणी शिकवलं?”

“माझ्या नवऱ्यानं.”

“पक्का गडी दिसतो. एकदा भेट घालून द्या की.”

“रोज तोच प्रयत्न चाललाय,” बाई म्हणाल्या.

आतलं दार उघडलं. एका मुलीनं डोकावून हाक मारली, “आई, बाबा, चला. जेवण वाढलंय.”

बाबा कोण, हे बघायला शिकाऊ कारागिरानं मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.