बाळूचे डोळे

न्यूझीलंडमध्ये साप पाळणं गुन्हा आहे, हे मला माहीत होतं. हॉर्नबी उपनगरातल्या आमच्या कंपनीच्या गोदामात, कंटेनरमधून निघालेल्या वीतभर बाळूला ते माहीत नव्हतं. कुणाला कळलं असतं तर त्याला मारलंच असतं, म्हणून मी त्याला जेवणाच्या डब्यातून घरी आणलं.

आता बाळू कात टाकत होता आणि डोळ्यांवरची कात काही केल्या सुटत नव्हती. दोन दिवस तो आंधळ्यासारखा भिंतीला धडकत होता. व्हेटकडे नेलं तर त्याचा जीव आणि माझी रेसिडेन्सी, दोन्ही जाणार.

शेवटी मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं. इथल्या सरकारला मराठी थोडीच वाचता येते?

एका काकूंनी खोबरेल तेल सुचवलं. विभावरीताईंनी मात्र नीट लिहिलं, "ओढू नकोस रे. कोमट, ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेव. आपोआप सुटेल."

तासाभरात सुटली. बाळूने माझ्याकडे पाहिलं. मी रडत रडत त्याचा फोटो टाकला, "ताई, तुमच्यामुळे डोळे वाचले."



"छान. आता त्याला उशीच्या अभ्र्यात घालून वर गाठ मार. मी इथल्या सरकारच्या बायोसिक्युरिटी खात्यात आहे, दहा मिनिटांत पोचते. चहा वगैरे नको, ड्यूटीवर आहे."