घरचे आणि अनोळखी

देवळातून परतलेल्या कुमुदिनीबाईंना दाराने नाव विचारलं. आवाज ओळखल्याशिवाय घराची स्मार्ट कुलपं चालवणारा राउटर दार उघडणार नाही, ही सेटिंग सुनेने, शर्वरीने, मुद्दाम त्यांच्या मौनाच्या सोमवारी लावली होती.

"बोला की आई, एकच शब्द!" आतून शर्वरी हसली. "नाहीतर बसा पायरीवर, सुटेपर्यंत तुमचं मौन."

बाईंनी मोबाइल काढला. राउटरचा मूळ पासवर्ड शर्वरीने बदललाच नव्हता. तो राउटरच्या पोटाला चिकटवलेला होता, आणि बाई राउटर रोज पुसत. त्यांनी आवाजाची अट काढली आणि शर्वरीचं नाव 'घरचे'मधून 'अनोळखी'त टाकलं.

दार उघडलं.

"अनोळखी व्यक्तीने बाहेर व्हावं," घर म्हणालं.

"आई, सांगा ना त्याला, मी घरचीच आहे!"

बाईंनी पायाने शर्वरीच्या चपला उंबऱ्याबाहेर सरकवल्या.