धर्मशाळेवाली म्हातारी

माझ्या तोंडाला कंटाळून लेकानं वृद्धाश्रम ठरवला. पिशवी दाराशी भरून ठेवलेली. टेबलाशी बसून नात मैत्रिणींना फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळवत होती. मैत्रिणी झालेल्या वाटसरू; गोष्टीतली धर्मशाळेवाली म्हातारी मात्र तिनंच रचलेली, तिच्या तोंडचं बोलायचीही तीच.

एक वाटसरू निघाला तशी नात म्हातारीच्या आवाजात कडाडली, "'जातो' म्हणतोस मेल्या? 'येतो' म्हण!"

मुली हसून लोळल्या. मी ओरडले, "भवाने, माझं तोंड चोरलंस की!" आतून मात्र सुखावले.

"लोक परत येतात का गं तिच्याकडे?"

"नाही आजी. खेळणारे पुढच्या गावी जातात. ती तिथंच राहते."

सकाळी लेकानं पिशवी उचलली. उंबऱ्यावर थांबून मी मुद्दाम म्हटलं, "जाते."

नातीनं मान खाली घातली. 'येते म्हण' असं कुणीच म्हणालं नाही.