भिंतीत शिरणारी पट्टी

टास्मानियातल्या त्या छोट्या बंदरात, फेरीबोटीच्या धक्क्यावर, अंधांच्या पायांना वाट कळावी म्हणून उंचवट्यांची पट्टी बसवलेली होती. ती सरळ नव्या तिकीटघराच्या भिंतीत जाऊन थांबायची. अंध डेस्माचं कपाळ त्या विटांवर दोनदा फुटलं होतं.

"पट्टी नकाशाप्रमाणेच आहे, बाई," पालिकेचा इंजिनिअर ब्रेडन म्हणाला. "तिकीटघर नंतर आलं."

"मग आता तुम्हीच चालून दाखवा, साहेब. डोळे मिटून. ही घ्या माझी काठी. आणि चोरून बघायचं नाही, हां!"

तो हसत निघाला. काठीची टकटक पुढे सरकू लागली. तो आपटल्याचा आवाज कधी येतोय याची डेस्मा वाट बघत राहिली, आणि खरं सांगायचं तर मनातून जरा खूशच होती.

आवाज आलाच नाही. टकटक मात्र लांब लांब जात राहिली.

डेस्मा चाचपडत पुढे झाली. हाताला विटा लागल्या, गार आणि टणक. टकटक त्यांच्या आतून येत होती. आता ती एका काठीची नव्हती. कितीतरी काठ्या कुठेही न अडखळता चालल्या होत्या.

"बाई, भिंत कुठंय?" आतून ब्रेडनचा आवाज आला. "पट्टी पुढे जातेच आहे! आणि लोक तरी किती! थांबा, बघतोच..."

"डोळे उघडू नका!" डेस्मा ओरडली. "मी येते."

कपाळापुढे धरलेला हात तिनं खाली घेतला आणि पाऊल टाकलं.

विटा लागल्या नाहीत.